जाम झालेलं टर्बोचं हाउसिंग सोडवताना

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) उतरवून टेबलावर घेतला, बोल्ट काढले, तरी हाउसिंग, म्हणजे चाकाभोवतीचं कवच, हलत नाही, की हात आपोआप हातोडीकडे जातो. थोडं थांबा. बाहेरचं बीड (ओतीव लोखंड) मार सोसतं. आतल्या चाकांची पाती सोसत नाहीत. ही चाकं मिनिटाला १,००,००० हून जास्त फेरे घेतात आणि पात्याचं टोक नि हाउसिंग यांत अगदी बारीक फट असते. पातं वाकलं तर तोल गेला, आणि तोल गेलेला टर्बो बेअरिंग खातो. म्हणून माझा हट्ट एकच: हाउसिंग हळू निघालं तरी चालेल, पण सरळच निघालं पाहिजे.

डिझेलच्या बऱ्याच टर्बोंमध्ये गरम बाजूला, म्हणजे एक्झॉस्टच्या टर्बाइनकडे, हलणाऱ्या पात्यांची रिंग असते. तसला टर्बो असेल तर ती बाजू उघडूच नका. त्याची जुळणी घरी होत नाही. खाली लिहिलंय ते साध्या, वेस्टगेटवाल्या (जादा एक्झॉस्ट वळवून सोडणारी झडप असलेल्या) टर्बोसाठी.

सुरुवातीला दोन्ही हाउसिंग आणि बेअरिंगची मधली बॉडी यांवर, सांध्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, पंचने खुणा करा. मार्करची खूण तेलात पुसून जाते. मग ॲक्च्युएटरच्या (वेस्टगेट हलवणाऱ्या डबीच्या) दांड्याची क्लिप काढून दांडा सोडवा. तो तसाच ठेवून हाउसिंग फिरवलं तर दांडा वाकतो. दांड्यावरचा ॲडजस्टिंग नट मात्र फिरवू नका, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) बदलतो.

खरी कसोटी गरम बाजूच्या बोल्टांची. बीड तापून-निवून आटे पकडून बसलेले असतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. सॉकेट सहाकोनीच घ्या. बाराकोनी सॉकेट गंजलेल्या बोल्टचे कोपरे खातं. आधी बोल्ट किंचित आवळून पाहा, मग सोडा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की गंजाची पकड सुटली. पण पाना मऊ मऊ वळतोय आणि आवाज काहीच नाही, असं जाणवलं तर तिथेच थांबा. तो बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. अजून एक जोर आणि तो तुटलाच. पुन्हा तेल, पुन्हा वाट. सुटायला लागला की पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, असं पुढे-मागे करत काढा.

तेलाने जमलं नाही तर उष्णता. तेल आधी नीट पुसून घ्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत कधीच धरू नका. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की विषारी वायू होतो. ज्योत फक्त टर्बाइन हाउसिंगच्या बाहेरून, गोल फिरवत. मधल्या बॉडीवर नाही. हाउसिंग प्रसरण पावतं आणि पकड ढिली होते. थंड, म्हणजे हवा दाबणाऱ्या, बाजूचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, त्याला ज्योत नकोच. हॉट एअर गनचा सौम्य शेक पुरतो, कारण ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं.

आता ठोकायचं. दोन बोल्ट परत चार-पाच आटे लावून ठेवा, म्हणजे हाउसिंग अचानक सुटून चाकावर आपटणार नाही. पितळी दांडा किंवा नायलॉनची हातोडी घेऊन कडेवर हलके ठोके द्या: एक इकडे, एक बरोबर समोर, मग काटकोनात. दर फेरीनंतर सांध्याच्या फटीकडे बघा. सांध्यातून तांबूस भुकटी गळू लागली की हाउसिंग हललंय. एका बाजूची फट मोठी दिसली तर दुसऱ्या बाजूला ठोका, पुढे जाऊ नका. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही आणि चाकाच्या नटाला हात लावायचा नाही.

नुसतं फिरवायचं असेल तर हाउसिंग पूर्ण काढायची गरज नाही. सैल झालं की हाताने वळतं. कोन ठरवताना सुरुवात तेलाच्या ड्रेनपासून करा. टर्बोतून तेल परत जातं ते निव्वळ उतारावर, मागून दाब नसतो. ड्रेन सरळ खाली हवा; गॅरेट कंपनी उभ्या रेषेपासून ३५ अंशांपर्यंत तिरपं चालवून घेते. त्याहून कलला तर तेल तुंबून सीलमधून गळतं आणि निळा धूर सुरू होतो. ड्रेन ठरला की त्याभोवती दोन्ही हाउसिंग हवी तशी वळवा. थंड बाजू वळली की ॲक्च्युएटरही सोबत वळतो, म्हणून त्याचा ब्रॅकेट नव्या जागी असा बसवा की दांडा वेस्टगेटच्या आर्मला सरळ रेषेत ओढेल.

जोडताना चाकावर फडकं झाकून बसण्याच्या जागा ब्रशने साफ करा, थंड बाजूची ओ-रिंग नवी टाका, गरम बाजूच्या बोल्टांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा आणि दर वेळी बोटाने चाक फिरवून बघा. कुठे घसटलं तर सोडून परत बसवा. आवळायचं माप मॅन्युअलमधलंच घ्या.

गाडीवर चढवल्यावर ऑइल इनलेटमध्ये स्वच्छ तेल ओता आणि इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. मग इंजिन चालू करून काही मिनिटं आयडलवरच ठेवा आणि ड्रेनचा जोड बॅटरीच्या उजेडात बघत राहा.