पळणारा सिंहगड: गच्चीवरून उपग्रहावर बोलायचं कसं

उमेदीची वर्षं मी पुण्यात टीव्हीच्या अँटेना बसवण्यात घालवली. त्या कामाला फारसं डोकं लागायचं नाही. गच्चीवर चढायचं, अँटेनेचं तोंड सिंहगडाकडे करायचं आणि खाली हाक मारायची, "वहिनी, आलं का चित्र?" आलं म्हणाल्या की नट आवळायचा. गडावरचा टॉवर कुठं पळून जात नव्हता. आता साठी उलटल्यावर मी परत गच्चीवर चढतो, हातात अँटेनाच असते, पण टॉवर ताशी सत्तावीस हजार किलोमीटरनं पळत असतो आणि नट आवळायची सोय राहिलेली नाही.

हॅम रेडिओवाल्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं बिनतारी बोलणाऱ्यांच्या, उपग्रहावरून बोलायला छपरावर मोठी तबकडी लागते, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपला आवाज झेलून लगेच खाली परत पाठवणाऱ्या साध्या एफएम उपग्रहाला ती लागत नाही. पाच वॉटची हँडी, म्हणजे हातात धरायचा वॉकीटॉकी, आणि घरी केलेली अँटेना एवढ्यावर काम होतं. परवाना मात्र हवाच. परीक्षा देऊन ॲमेच्युअर स्टेशन ऑपरेटरचं सर्टिफिकेट घ्या, मग परवाना, मग कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं नाव. रिस्ट्रिक्टेड ग्रेडची व्हीयू-थ्रीनं सुरू होते, जनरलची व्हीयू-टूनं. वयाची अट बारा वर्षांची, म्हणजे नातवंडांनाही बसवता येतं. हातात परवाना येईपर्यंत पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, बोट लावायचं नाही.

आणि परवाना आला तरी पहिले पंधरा दिवस लावू नका. हे मी चुकून शिकलो. माझ्या पहिल्या तीन पासला (उपग्रह उगवून मावळेपर्यंतची एक फेरी म्हणजे पास) मी नुसता ओरडत होतो, उत्तर एकही नाही. चौथ्या वेळी कळलं की रिसीव्हरचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर अडवणारं दार, लावलेलंच होतं. उपग्रहाचा आवाज इतका बारीक येतो की स्क्वेल्च त्याला दारातच अडवतो. म्हणजे लोक मला उत्तरं देत असणार आणि मी त्यांच्याच बोलण्यावर पुन्हा पुन्हा कॉलसाइन ठोकत असणार. एफएम उपग्रहावर वाट एकच असते. जो तगडा सिग्नल देतो त्याचा आवाज जातो, बाकीचे दबतात. श्रीलंकेपासून ओमानपर्यंतचे लोक त्याच दहा-बारा मिनिटांत त्या एका खिडकीशी उभे असतात. तिथं तोंड मोठं नि कान बारके असलेला माणूस कुणालाच नको असतो. तेव्हा स्क्वेल्च पूर्ण उघडा, खरखर सहन करा आणि कानाला हेडफोन लावा.

कोणता उपग्रह धरायचा? मी सुरुवात एसओ-५० वर केली. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेला, सौदी अरेबियाचा, वीस वर्षांहून जुना गडी. त्याला १४५.८५० मेगाहर्ट्झवर बोलायचं आणि तो ४३६.७९५ वर परत ऐकवतो. बोलताना ६७.० हर्ट्झचा टोन, म्हणजे आवाजाच्या खाली जाणारा एक बारीक सूर, लागतो. गंमत अशी की तो आपणहून जागा राहत नाही. ७४.४ हर्ट्झचा टोन लावून दोनेक सेकंद पीटीटी दाबली की दहा मिनिटांचा टायमर सुरू होतो. टायमर संपला की परत झोप. कुणीतरी आधीच उठवलेला असेल तर आवाज येत असतातच, मग उगाच दार वाजवू नका. दुसरा पर्याय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर: वर १४५.९९० आणि ६७.० चा टोन, खाली ४३७.८००. तो कधी चालू, कधी बंद असतो. तिथलं यंत्र कधी वेगळ्या कामाला लावतात, यान जोडताना-सोडताना बंदही ठेवतात. जायच्या आधी ॲमसॅट या हॅम उपग्रहवाल्यांच्या संघटनेच्या स्टेटसच्या पानावर नजर टाका, जगभरचे हॅम तिथं काय ऐकू आलं ते नोंदवत असतात.

आपला स्वतःचाही एक उपग्रह होता, हॅमसॅट. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ वरून श्रीहरिकोट्याहून गेला आणि जुलै २०१४ पर्यंत चालला. जुने लोक अजून त्याचं नाव काढतात. माझा परवाना यायला उशीर झाला, तो मला मिळाला नाही. ही हळहळ राहीलच.

आता अँटेना. बाजारात हातात धरायच्या तयार मिळतात, चांगल्या असतात, पण मी मेकॅनिक माणूस, पैसे देऊन अँटेना आणली तर रात्री झोप लागायची नाही. मधला दांडा प्लंबिंगच्या पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा, मीटरभर. दांड्या सुताराच्या पोलादी टेपच्या. ऐकायची बाजू ७० सेंटीमीटर बँडची, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासची: मधला, केबल जोडायचा डायपोल साधारण साडेबत्तीस सेंटीमीटर, दोन सारख्या तुकड्यांत, मध्ये बारीक फट. त्याच्या मागे तेरा-चौदा सेंटीमीटरवर रिफ्लेक्टर, सव्वाचौतीसचा. पुढे अकरा-बारावर डायरेक्टर, एकतीसचा. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. १४३०० ला मेगाहर्ट्झनं भागा, डायपोलची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते. मागचा पाच टक्के लांब, पुढचा पाच टक्के आखूड. टीव्हीच्या काटेरी अँटेनेचं, यागीचं, गणित हेच.

बोलायची बाजू २ मीटरची, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची: डायपोल अठ्ठ्याण्णव, मागे चाळीस सेंटीमीटरवर रिफ्लेक्टर एकशे तीनचा. ही बाजू त्याच दांड्यावर, पण काटकोनात बसवा. एकीच्या दांड्या आडव्या तर दुसरीच्या उभ्या, म्हणजे एकमेकींच्या कामात कमी लुडबूड होते. टेपवरचा पिवळा रंग सोल्डरचा डाग लावायच्या जागी पॉलिश पेपरनं घासून काढा, नाहीतर शिसं टेपवरून पाऱ्यासारखं घरंगळतं. बोलायच्या बाजूला एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनेतून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा) लावल्याशिवाय जोर देऊ नका. दांडी सेंटीमीटरभर लांबच ठेवा आणि दोन-दोन मिलिमीटर कातरत या. कातरून आखूड होते, कातरून लांब झालेली मी अजून पाहिली नाही.

केबलच्या बाबतीत माझं ऐका, कारण इथं माझी हयात गेली आहे. हॅम लोक ५० ओहमची पातळ आरजी-५८ आणतात. ४३५ मेगाहर्ट्झवर ती भरपूर सिग्नल खाते. ऐकायच्या बाजूला डिशवाल्याची आरजी-६ लावा. ७५ ओहमची आहे म्हणून नाकं मुरडतील, पण नुसतं ऐकायला तेवढ्या फरकानं काही बिघडत नाही आणि तिच्यात तोटा निम्म्याहून कमी होतो. एकच अडचण आहे. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, शिसं धरत नाही. मी जाळी मागे दुमडतो, वर एफ कनेक्टर दाबतो आणि डायपोलपाशी पितळी स्क्रू-वॉशरखाली आवळतो. बोलायच्या बाजूला मात्र ५० ओहमचीच, मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नको.

हँडी दोन घ्या, एक बोलायला, एक ऐकायला. एकाच हँडीवर पीटीटी दाबली की तिचे कान बंद होतात आणि आपला आवाज वर जाऊन खाली येतोय की नाही हे कळतच नाही. दोन असल्या की स्वतःचाच आवाज आकाशातून परत ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा बोलायचं विसराल, मी विसरलो होतो. मात्र दोन्ही खिशात शेजारी-शेजारी ठेवू नका. १४५ च्या तिप्पट म्हणजे ४३५ च्या आसपास, बोलणाऱ्या हँडीचा तिसरा हार्मोनिक नेमका ऐकणारीच्या कानाशी जातो आणि ती बहिरी होते. बोलणारी पट्ट्याला अडकवायची, ऐकणारी छातीपाशी. तरीही बहिरी झाली तर ताकद एका वॉटवर आणून बघा.

डॉप्लरचं, म्हणजे पळत्या उपग्रहामुळं फ्रिक्वेन्सी सरकण्याचं, भय नको. खडकीला न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा येताना चढा आणि जाताना पडका लागतो, तेच हे. २ मीटरवर फरक थोडा, एफएममध्ये खपून जातो, म्हणून बोलायची फ्रिक्वेन्सी जागची हलवायची नाही. ७० सेंटीमीटरवर मात्र दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते. ऐकणाऱ्या हँडीत पाच मेमरी भरून ठेवा: ४३६.८०५, .८००, .७९५, .७९०, .७८५. उगवताना पहिली, डोक्यावर आला की मधली, मावळताना शेवटची. आवाज घोगरा झाला की पुढच्या मेमरीवर जायचं. बोलणारीत दोनच मेमरी: एक ७४.४ ची, उठवायची, दुसरी ६७.० ची, बोलायची. अंधारात बोटाला कळेल अशा भरा.

वेळ बघायला मोबाइलवर लुक-फॉर-सॅट हे फुकटचं ॲप पुरतं. कक्षेची माहिती ताजी करून घ्या, फार जुनी असेल तर उपग्रह आधीच येऊन जाईल आणि तुम्ही आकाशाकडे बघत बसाल. आणि वेळ कुठली दाखवतंय ते तपासा. हॅमचं सगळं यूटीसीत चालतं, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं. एकदा पहाटे सव्वातीनचा गजर लावून गच्चीवर गेलो, पावणेनऊचा पास होता. वॉचमन वर आला, मला अंधारात काटेरी काठी घेऊन उभा बघितलं आणि न विचारताच खाली गेला.

सुरुवातीला पन्नास अंशांच्या वर चढणारे पासच धरा. क्षितिजावर एसओ-५० अडीच हजार किलोमीटरहून लांब असतो, डोक्यावर सहा-सातशेवर. मी कठड्यावर गेरूनं आठ दिशा लिहून ठेवल्यात, कारण ऐन वेळी मोबाइलचं होकायंत्र लिफ्टच्या मोटारीशेजारी भरकटतं. पाण्याच्या टाकीपासून आणि लिफ्टच्या खोलीपासून लांब उभे राहा.

आता एक पास सांगतो. नैऋत्येकडून, सिंहगडाच्या अंगानं चढणारा, माथा बासष्ट अंश. उगवायच्या दोन मिनिटं आधी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. अँटेना क्षितिजावर, पहिली मेमरी. नुसती खरखर. मिनिटभरानं ती खरखर जरा मऊ झाली. उपग्रह आला की खरखरीचा पोत बदलतो, हे शब्दांत सांगता येत नाही, पण दोन-तीन पासनंतर कानाला कळतं. मग अर्धवट एक आवाज, "...फोर-एस-सेव्हन...", श्रीलंका. आणि गेला. इथंच नवा माणूस अँटेना इकडेतिकडे हलवायला लागतो. हलवू नका, फिरवा. मनगट कुलपात किल्ली फिरवावी तसं नव्वद अंशांपर्यंत वळवा. उपग्रह स्वतःभोवती फिरत असतो, त्याच्या लहरींचा कल बदलतो, अँटेनेनं तो कल धरला की आवाज एकदम भरून येतो. मी फिरवली, लंकेचा माणूस शेजारच्या गच्चीवरून बोलल्यासारखा आला. त्याचं बोलणं संपू दिलं. त्यानं जागा सोडली तशी बोलणारीवर दुसरी मेमरी, पीटीटी, आणि फक्त त्याची कॉलसाइन, माझी कॉलसाइन, "माइक किलो सिक्स एट." एमके-६८, हा पुण्याचा ग्रिड, म्हणजे हॅमच्या नकाशातला आपला चौकोन. मुंबईचा एमके-६९, कोल्हापूरचा एमके-७६. आपला काढून पाठ करून ठेवा. त्यानं माझी कॉलसाइन आणि त्याचा ग्रिड म्हटला, मी "रॉजर, सेव्हन्टी थ्री" म्हटलं, म्हणजे हॅमचा रामराम. आठ सेकंदांचं काम.

एवढंच बोलायचं. सीक्यू-सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का', असा पुकारा करायचा नाही, हवापाणी विचारायचं नाही, रिग (रेडिओ संच) कोणती, अँटेना कोणती हे तर नाहीच. कुणी नवखा अडखळत असेल तर गप्प राहून त्याला जागा द्यायची. त्या पासला मी एकच बोलणं केलं आणि उरलेला वेळ ऐकत मावळतीपर्यंत अँटेना फिरवत राहिलो. शेवटच्या मेमरीवर आवाज विरत गेले आणि खरखर परत जाडीभरडी झाली.

खाली उतरल्यावर रेकॉर्डिंग ऐकून लॉग भरा: तारीख, यूटीसी वेळ, उपग्रह, कॉलसाइन, ग्रिड. गच्चीवर कागद-पेन घेऊ नका, दोन हातांत अँटेना नि हँडी असताना तिसरा हात कुठून आणणार? आणि जिन्यात अँटेना आपटली तर घाबरू नका. टेपची दांडी वाकते नि टकदिशी सरळ होते, म्हणूनच तर ॲल्युमिनियमची केली नाही. फक्त डायपोलपाशी वॉशरखालची जाळी सुटलीय का ते दुसऱ्या दिवशी उजेडात बघा, माझी दर महिन्याला सुटते.