जुनं दुखणं, गोळ्या आणि अपंगत्वाचा फॉर्म: एका वहीत सगळं कसं बसवायचं

३ महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा परत परत येणारं दुखणं म्हणजे क्रॉनिक पेन. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, आयसीडी-११, तिच्यात त्याला स्वतःचा कोड आहे. त्यामुळे एमआरआय नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. हे आधी सांगतेय कारण माझं कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा "रिपोर्ट तर क्लिअर आहेत" एवढं ऐकून मी घरी आले आणि कितीतरी महिने गप्प बसले, तुम्ही बसू नका.

पहिलं काम, एक वही करा. त्यात रोज "आज १० पैकी ८ दुखलं" एवढंच लिहून फार उपयोग होत नाही, समोरच्याला त्या ८ मधून काहीच दिसत नाही. काय करायला गेले आणि त्याची किती किंमत मोजली ते लिहा, म्हणजे "भांडी घासायला १५ मिनिटं उभी राहिले, मग २ तास आडवं पडावं लागलं, रात्री ३ ला जाग आली". रोज ३-४ ओळी पुरतात. आणि बऱ्या दिवशीही लिहा, नाहीतर महिन्यात वाईट दिवस किती हे कोणी विचारलं की अंदाजपंचे सांगावं लागतं.

त्याच वहीत गोळ्या. नाव, डोस, किती वाजता घेतली, आणि घेतल्यावर काय जमलं. पॅरासिटामॉल साधी वाटते पण मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तीच असते त्यामुळे नकळत डबल होते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक एकत्र घेऊ नका, दोन्ही एकाच जातीच्या, आराम दुप्पट होत नाही, पोटात अल्सर आणि किडनीला मार मात्र वाढतो.

नसांच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबलिन देतात. पहिल्या दोन डिप्रेशनच्या गोळ्या म्हणून ओळखल्या जातात म्हणून लोक दुखावतात, डॉक्टरला आपण वेडे वाटतो की काय. तसं नाही, त्या नसांच्या निरोपांवरच काम करतात. फरक कळायला काही आठवडे जातात, आणि यातली कुठलीच एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची.

ट्रामाडॉल, मॉर्फिन या ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या जोरदार वेदनाशामक गोळ्यांचं नीट ऐका. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ होतंच बहुतेकांना, त्यासाठी सुरुवातीलाच औषध मागून घ्या. ट्रामाडॉल डिप्रेशनच्या काही गोळ्यांशी जुळत नाही म्हणून डॉक्टरला सगळी यादी दाखवा. आणि शरीराला सवय होणं म्हणजे व्यसन नव्हे, तरी व्यसनाची भीती वाटत असेल तर डॉक्टरला सरळ विचारा, लाजायचं कशाला.

आता अपंगत्वाचा फॉर्म, जिथे सगळे अडकतात. "चालता येतं का?" असं विचारलं की आपण सवयीने "हो" लिहितो, कारण आयुष्यभर सगळ्यांना ठीक आहे ठीक आहे म्हणतच आलोय. थांबा. स्वतःला विचारा, पडायची भीती नसताना चालता येतं का, लगेच परत तेवढंच जमेल का, इतरांपेक्षा किती जास्त वेळ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी काय होतं. "२०० पावलं चालते, मग बसावं लागतं, आठवड्यातले ४ दिवस तेवढंही होत नाही" हे खरं उत्तर. वाढवून लिहू नका, पण आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं वर्णनही देऊ नका. गोळ्यांनी गुंगी येते, लक्ष लागत नाही, गाडी चालवता येत नाही, तेही लिहा, बहुतेक जण हे विसरतातच.

डॉक्टरचं पत्र लागतं, आणि त्यात नुसतं आजाराचं नाव असलं की फॉर्म तपासणाऱ्याला तुमचा दिवस दिसत नाही. वहीतलं १ पान काढून न्या आणि विनंती करा की किती वेळ बसणं-उभं राहणं जमतं ते लिहून द्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची कॉपी घरी ठेवा.

नोकरीत असाल तर दुखण्याची सगळी कहाणी न सांगता नेमकी सोय मागा, उंची बदलणारं टेबल, मध्ये १० मिनिटं आडवं होणं, काही दिवस घरून काम. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात अशा वाजवी सोयीचा हक्क आहे, करार मान्य केलेल्या देशांनी तो पाळायचा असतो. मागणी लेखी करा.

अपंगत्वाचा अर्ज नाकारला तर पत्रात आधी अपिलाची शेवटची तारीख शोधून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, रडायला नंतर वेळ आहे. मग नाकारण्याचं एकेक कारण घ्या आणि त्याच्यापुढे वहीतल्या तारखा लावत जा.