जुनं आऊटबोर्ड घेताना: कॉम्प्रेशन कमी म्हणजे मशीन भंगार नव्हे

पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर काढल्या की मालवण-देवगडकडे जुनी आऊटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, विकायला निघतात. विकणारा सांगणारच, "एका दोरीत चालू होता!" त्याला आदल्या दिवशीच फोन करून बजावायचं, मी येईपर्यंत मशीन चालू करायचं नाही. थंड मशीन कसं उठतं ते पाहिलं की निम्मी परीक्षा होते.

मी बोलतोय ते दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मशीनबद्दल. थोडं गरम झाल्यावर बंद करा, दोन्ही प्लग काढा, किल स्विचची (मशीन बंद करणाऱ्या बटणाची) चावी काढून घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकेका प्लगच्या भोकाला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. साधारण १०० ते १३० पीएसआय यायला हवं, पण गेज-गेजमध्ये फरक असतो. म्हणून मी आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधली तफावत बघतो. ९५ आणि ९५ असेल तर मशीन अजून काम देईल. १२० आणि ८५ असेल तर खोलावंच लागणार, आणि भाव तिथूनच पाडायचा.

दोन्ही सिलिंडर सारखेच खाली असतील आणि हेडच्या (सिलिंडरच्या झाकणाच्या) सांध्याला मिठाचा पांढरा ओघळ दिसला, तर संशय त्या सांध्यातल्या गॅस्केटवर. हे स्वस्तातलं दुखणं. एकच खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. काटा चांगला वर गेला तर पिस्टनची रिंग नाहीतर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलीय. खात्री करायची तर एक्झॉस्टचं कव्हर काढून पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या धूर जायच्या भोकातून, पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले की बोअरिंग (सिलिंडर लेथवर थोडा मोठा कापून घेणं) धरूनच हिशेब करा. कार्बनने रिंग नुसती चिकटली असेल तर नशीब तुमचं.

खोलताना खरी लढाई हेडच्या बोल्टशी. अॅल्युमिनियमात स्टीलचा बोल्ट, वर खारं पाणी. जोर लावला की मुंडी हातात. आधी पेट्रोलची टाकी आणि नळी लांब न्या. गंजाचं तेल सोडून रात्रभर ठेवा, गॅसच्या टॉर्चने बोल्टच्या आजूबाजूचं अॅल्युमिनियम तापवा, मग पाव फेरा सैल, पुन्हा थोडा आवळ, असं करत काढा.

सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा. अडलं तर लेथवाल्याकडे. पण ओव्हरसाईज पिस्टन आधी हातात घ्या आणि तो सोबतच द्या, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाने कापायचं असतं. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा किंचित घासून बोथट करून घ्यायला सांगा. मोटारसायकलची कामं करणारेसुद्धा हे विसरतात आणि नवी रिंग त्या धारेवर तुटते. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगच्या खाचेत बारीक पिन असते; रिंगची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत. गॅस्केट नवीनच.

एवढं करून इम्पेलर, म्हणजे मशीन गार ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा, तोच ठेवलात तर पैसे पाण्यात. मुळात मशीन कशामुळे तापलं, हे शोधायचं. रबराची पाती वळून कडक झालीत का, पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्यात का, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) तुंबलाय का, सगळं बघा.

नव्या पिस्टनला पहिले दहा तास पेट्रोलच्या लिटरला ४० मिली ऑईल, नंतर मशीनच्या पुस्तकाप्रमाणे, बहुतेक २० मिली. सुरुवातीलाच फुल थ्रॉटल नको. दहा तास झाले की मशीन गार होऊ द्या, हेडचे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासा आणि पुन्हा गेज लावा.