लाइट आली तरी फ्रिज लगेच लावू नये

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लाइट गेली की आईचा पहिला हुकूम ठरलेला: "फ्रिजचं बटण बंद कर, आणि लाइट आली तरी लगेच लावू नकोस." मी एम.फार्म. करून हृदयाच्या रिपरफ्यूजन इंज्युरीवर, म्हणजे थांबलेलं रक्त परत सुरू होताना होणाऱ्या इजेवर, पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, रक्त परत सुरू झालं की माणूस वाचतो ना? मग त्यानंच पेशी मरतात म्हणजे काय?" तेव्हा मला फ्रिजच आठवला: तोही लाइट परत येतानाच्या झटक्यानेच बिघडतो. इतकी वर्षं झाली, याहून बरा दाखला मला सापडलेला नाही.

पण एक गोष्ट आधीच सांगते. रक्त परत आणायलाच हवं. धमनी बंद राहिली तर तिच्यावर जगणारा स्नायू मरतोच, त्यामुळे ॲन्जिओप्लास्टीत जितका उशीर तितकं नुकसान जास्त. मी एका लग्नाच्या पंगतीत हा विषय अर्धाच सांगितला, आणि शेजारचे काका "मग ब्लॉक काढूच नये की काय" म्हणून जिलबी बाजूला ठेवून बसले. तुम्ही घरी सांगाल तेव्हा पूर्ण सांगा.

आता आत काय होतं ते. रक्त थांबलं की ऑक्सिजन संपतो, पेशी कशीबशी ग्लुकोज फोडून दिवस काढते आणि आत आम्ल साठतं. हे आम्ल वाईटच, पण एका बाबतीत ते राखणदारासारखं काम करतं. पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यात एक मोठं छिद्र उघडू शकतं, त्याला आम्ही नुसतं 'पोअर' म्हणतो. आंबटपणा असेपर्यंत ते मिटलेलं राहतं. रक्त परत आलं की बाहेरचं आम्ल धुऊन निघतं. मग पेशी आतला प्रोटॉन (आम्लाचा कण) बाहेर टाकते आणि बदल्यात सोडियम आत घेते. सोडियम वाढल्यावर त्याच्या अदलाबदलीत कॅल्शियम आत शिरतं. याच काळात, रक्त नसताना साठलेलं सक्सिनेट नावाचं इंधन एकदम जळायला लागतं, इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्स एक या प्रथिनसमूहातून उलटे धावतात आणि सुपरऑक्साइडचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या ऑक्सिजनचा, लोंढा सुटतो. कॅल्शियम भरपूर, ऑक्सिडेशनचा मारा, आणि राखणदार आम्ल तर निघून गेलेलं. अशात पोअर उघडलं की मायटोकॉन्ड्रिया फुगतात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनणं थांबतं. जिथे एटीपी थोडं परत आलेलं असतं, तिथे कॅल्शियममुळे तंतू इतके आवळतात की पेशी स्वतःचाच पडदा फाडते. सूक्ष्मदर्शकाखाली हे आवळलेले आडवे पट्टे एकदा पाहिलेत की विसरणार नाही. यातला बराचसा खेळ पहिल्या काही मिनिटांत उरकतो.

आणि नवीन आलेली मुलं नेमकी इथेच चुकतात. मीही चुकले. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) उंदरांना २१ दिवस अर्क पाजायचा आणि मग धमनी बांधायची, असा बेत होता. असे बेत आपल्याकडे ढिगाने होतात, कारण निकाल चांगले येतात. पण मग औषधाने नक्की कशापासून वाचवलं? रक्त बंद असतानाच्या नुकसानापासून की रक्त परत आल्यावरच्या? सांगताच येत नाही. शिवाय हार्ट ॲटॅक येणारा माणूस तीन आठवडे आधी कळवून येत नाही. रिपरफ्यूजनबद्दल बोलायचं असेल तर औषध रक्त सोडण्याच्या क्षणी किंवा त्याच्या जेमतेम आधी द्या. तेवढा एक गट तरी ठेवाच. गाइड कुरकुरले तरी ठेवा.

वाचायला सुरुवात रॉबर्ट जेनिंग्ज या पॅथॉलॉजिस्टपासून करा. १९६० साली त्यांच्या गटाने कुत्र्यांच्या हृदयात दाखवलं की रक्त परत सोडल्यावर मृत स्नायूची लक्षणं फार लवकर दिसतात. मग १९८६ सालचा प्रीकंडिशनिंगचा, म्हणजे हृदयाला आधी छोट्या अडथळ्यांची सवय लावण्याचा, प्रयोग. पाच-पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे देऊन पुढे ४० मिनिटं धमनी बंद ठेवली, तर मेलेला भाग एक चतुर्थांशावर आला. २००३ साली रक्त थांबवत-थांबवत सोडूनही फायदा दिसला. आमच्या आईचाच नियम म्हणा ना. आणि ज्याने डोकं जाग्यावर येतं तो सायक्लोस्पोरिनचा किस्सा नक्की वाचा. हे औषध पोअर मिटवतं. २००८ साली ५८ रुग्णांत आशा दिसली, २०१५ साली ९७० रुग्णांत काहीच फरक पडला नाही. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण आणि निरोगी असतो. रुग्ण साठीचा, मधुमेही, चार गोळ्यांवर असतो.

आता हाताचं काम. लँगेनडॉर्फ पद्धत १८९५ सालची, म्हणजे हृदय बाहेर काढून महाधमनीतून उलट दिशेने द्रावण सोडायचं. क्रेब्स द्रावण (रक्ताऐवजी वापरायचं क्षारांचं पाणी) बनवताना कार्बोजन वायू (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) आधी सोडा आणि कॅल्शियम शेवटी घाला. उलट केलंत तर द्रावण दुधाळ होतं आणि सकाळ वाया जाते. कॅन्युला (महाधमनीत बसवायची नळी) झडपेच्या पलीकडे घुसवू नका, आणि नळीत बुडबुडा दिसला तर पुढे जाऊच नका. एच९सी२ या उंदराच्या हृदयापासून वाढवलेल्या पेशींवर काम सोपं पडतं, पण त्या धडकत नाहीत, म्हणून वर सांगितलेलं आवळणं तिथे दिसणार नाही. प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय काहीही सुरू करू नका. तिला महिने लागतात.

माझे पहिले सहा महिने एका विचित्र कोड्यात गेले. कंट्रोल हृदयंच, म्हणजे औषध न दिलेलीच, वाचत होती! द्रावण ३० मिनिटं बंद, दोन तास चालू, मग काप काढून टीटीसी नावाच्या रंगवणाऱ्या द्रावणात बुडवायचे. जिवंत भाग विटेसारखा लाल होतो, मेलेला फिकट राहतो. माझे काप मात्र जवळजवळ पूर्ण लाल. आधी टीटीसी जुनं आहे असं वाटलं, मग पाण्याच्या बाथचं तापमान तपासलं. शेवटी आमच्या गुजराती सीनियरने एक दिवस शेजारी उभं राहून घड्याळ लावलं आणि म्हणाला, "बेन, पाँच मिनिट!" छाती उघडल्यापासून कॅन्युला बसेपर्यंत मला पाच मिनिटं लागत होती. म्हणजे प्रयोगाच्या आधीच हृदयाला एक छोटा अडथळा मिळत होता. मी नकळत प्रीकंडिशनिंग करत होते.

तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना आहे: छाती उघडल्यापासून कॅन्युलातून पहिला थेंब पडेपर्यंतचे सेकंद. १८० च्या वर गेलं की ते हृदय मोजणीतून बाद. पहिल्या वर्षी मी चाळीसातली सतरा बाद केली.