पोरगा पीत असेल तर घरच्यांनी काय करावं: एका आईचं सांगणं

आमचा जिल्हा वर्धा. कागदावर दारूबंदी. तरी माझ्या लेकाला पव्वा कधी कमी पडला नाही. तेव्हा दारू मिळेनाशी होईल अन् पोरगा सुधरेल, याची वाट पाहू नका. मी चार वर्षं पाहिली.

सगळ्यात आधी, त्याला कोंडू नका. आम्ही कोंडलं होतं. कापसाचा चुकारा घेऊन दोन दिवस गायब होता, आला तशी यांनी बाहेरून कडी लावली. सकाळी हात असे थरथरत होते की बशीतला चहा ओठापर्यंत जाईना. रात्री फिटचा झटका आला. मला वाटलं बाहेरचं लागलं, मी मिरच्या ओवाळत बसले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, मग भास, भ्रम. माणूस जाऊही शकतो. म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं देऊन. झटका आला किंवा नसलेलं दिसायला लागलं तर १०८ ला फोन करा. अन् किती पितो ते खरं सांगा. मी लाजेनं "कधीमधी घेते" म्हटलं होतं.

दारू सोडवायला म्हणून वरणात गुपचूप टाकायची पुडी आणू नका. बाजारातून मीही आणली होती. आत काय असते, विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी पेशंटला सांगूनच देतात, कारण तिच्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, बीपी पडतो, जिवावर बेतू शकते.

पैशाचं मला फार उशिरा कळलं. फवारणीचा पंप त्यानं गावातच गहाण टाकला. मी सोडवून आणला. दोनदा. तिसऱ्यांदा गेले नाही, शेजाऱ्याचा पंप मागून पऱ्हाटी फवारली. त्याला एवढंच म्हटलं, "पैसे नाही देणार. जेवून घे." भाकर बंद करायची नाही, उधारी फेडायची नाही. पण हे घरातल्या सगळ्यांनी पाळावं लागते. आमच्याकडे मी नाही म्हणायची अन् आजी लुगड्याच्या गाठीतून शंभराची नोट काढून द्यायची. तिला समजवायला मला पोरापेक्षा जास्त दिवस लागले.

बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, अन् एकाच गोष्टीवर. "काल पोरीची फी कुठं गेली?" बस. आईची शपथ घेऊ देऊ नका. मोडली की तो तोंड चुकवते अन् पुन्हा पिते.

सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर १४४४६ आहे. १४४१६ वर मनाच्या त्रासाबद्दल बोलता येते. तिथं मी लेकासाठी नाही, स्वतःसाठी फोन केला होता. "आईच्या लाडानं बिघडला" हे ऐकून ऐकून झोप गेली होती.

सात महिने कोरडा राहून पोळ्याला पुन्हा प्यायला. गोळ्या त्यानं मनानंच बंद केल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेला, भांडण न करता.

अन् फवारणीचं औषध घरात ठेवू नका. आमचे डबे शेजाऱ्याच्या कोठीत आहेत, किल्ली त्याच्याकडेच.