दम लागतोय म्हणून बसून राहू नका: जुन्या धापेतल्या चुका

आमच्या मावशीनं निपाणीच्या तंबाखू वखारीत चाळणीवर उमर काढली आणि घरी आल्यावर चूल फुंकली. दम लागायला लागला तेव्हा सगळ्यांचं एकच, "वय झालंय की आता, गप बसून ऱ्हावा." ती बसली. सहा महिन्यांत न्हाणीपर्यंत जाताना धापू लागली.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चालणं सुटलं की मांड्या वाळतात. वाळलेल्या स्नायूंना थोड्या कामालाही जास्त हवा लागते, म्हणून धाप लवकर लागते आणि माणूस आणखी बसतो. त्यात भीतीनं श्वास उथळ होतो. केंब्रिजमधले धापेवर काम करणारे डॉक्टर श्वास, विचार आणि हालचाल असे या फेऱ्याचे तीन भाग मानतात. कुठूनही तोडला तरी चालतो. आम्ही हालचालीपासून सुरुवात केली: दारापासून पिंपळाच्या कट्ट्यापर्यंत. दम लागला की बसायचं, पुढं वाकून कोपरं मांड्यांवर टेकायची, शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायचा आणि परत उठायचं.

मात्र आधी तपासणी. 'वय' हे काही निदान नाही. बरोबरीची माणसं पुढं जातात आणि तुम्ही मागं पडता? फुप्फुसांची फुंकून करायची तपासणी, ईसीजी, हिमोग्लोबिन करून घ्या. विडी न ओढलेल्या बायकांनाही चुलीच्या धुरानं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो. त्यामुळे चूल, वखार, बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री, जे असेल ते किती वर्षं, हे विचारायची वाट न बघता सांगा. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर 'उसिराटद तोंदरे' (श्वासाचा त्रास) एवढं म्हटलं तरी कळतं.

बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ टक्के दिसतो म्हणून "मनाचे खेळ" म्हणू नका. धाप फक्त ऑक्सिजनवर ठरत नाही. उलट, आकडा चांगला असताना भाड्यानं सिलिंडर आणण्यातही अर्थ नसतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑक्सिजन फारसा कमी नसलेल्या २३९ रुग्णांपैकी काहींना नळीतून ऑक्सिजन दिला, काहींना साधी हवा. आराम दोघांना सारखाच. ज्यांचा ऑक्सिजन खरोखर कमी आहे त्यांची गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

त्यापेक्षा जत्रेत मिळतो तसला सेलवरचा छोटा पंखा घ्या. त्याच वर्षी केंब्रिजच्या चाचणीत ५० जणांनी तो पाच मिनिटं चेहऱ्यावर आणि पाच मिनिटं पायावर धरला. धाप कमी झाली ती चेहऱ्यावर धरल्यावर. नाकाओठांवर गार वारा लागला की फरक पडतो. मावशी आधी हसली. आता उशाशी ठेवते.

तोंडातून औषध ओढायच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागत नाही, ती भीती सोडा. चूक असते ती ओढण्यात: हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश ओढायचा, दहा आकडे रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी मागा.

ओठ निळे पडले, छातीत दुखलं, एक वाक्यही पुरं बोलता येईना, तर पंखा बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.