क्लचप्लेट गेली, चेंबर फुटला, इंजिनात पाणी शिरलं: क्लेम कशाचा मिळतो?

गाडीचं काय तुटलं यापेक्षा ते कशामुळे तुटलं, यावर क्लेम ठरतो. क्लचप्लेट झिजली, टायमिंग बेल्ट तुटला, एसीचा कॉम्प्रेसर बसला, तर इन्शुरन्स पैसे देत नाही. झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीच्या अपवादांत सरळ लिहिलेले असतात. तोच कॉम्प्रेसर धडकेत चेपला, तर क्लेम लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर बिघाडासाठी आधी सर्व्हिस सेंटर गाठा.

पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल (कायद्याने तेवढीच सक्तीची) तर स्वतःच्या गाडीसाठी छदामही नाही. खालचं सगळं 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण) असलेल्या पॉलिसीबद्दल.

खड्ड्यात चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आपटून ऑइल गळायला लागलं, तर तो अपघात; चेंबर क्लेममध्ये बसतो. घोटाळा त्यानंतर होतो. ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना 'गॅरेज तर पुढच्याच सिग्नलला आहे' म्हणून गाडी दामटली की बेअरिंग जळतात आणि इंजिन जाम होतं. सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो) याला परिणामी नुकसान म्हणतो: चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनचे तुमच्या खिशातून. दिवा लागला की जागेवर इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा.

पाण्याचंही तेच. मुंबईत हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पावसाळ्यात गाड्या अडकतात, त्या बहुतेक एअर इनटेकमधून पाणी ओढल्याने बंद पडतात. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात नुसत्या उभ्या गाडीच्या सीट, वायरिंग वगैरे भिजल्या तर साध्या पॉलिसीतही क्लेम होतो. पण पाण्यात स्टार्टर मारून रॉड वाकवला, तर ते नुकसान साधी पॉलिसी घेत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण) पॉलिसी काढताना किंवा रिन्यू करतानाच घ्यावं लागतं, आणि गाडी फार जुनी झाली की कंपन्या ते देत नाहीत. मुंबईत झिरो डेपच्या (भागांच्या वयामुळे पैसे न कापणारं ॲड-ऑन) आधी हेच घ्यावं, असं आमचं मत.

गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नका, धक्का मारूनही चालू करू नका. नंबर प्लेट आणि पाण्याची पातळी एकत्र दिसेल असे फोटो काढा. सुरक्षित असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा, गाडी उचलून न्या. गॅरेजवाल्याला आधीच बजावा: सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही आणि खोलायचंही नाही. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी आत गेलंय.

क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. समजा गाडी 6 वर्षांची, 1500 सीसीच्या आतली, चेंबर 8,000 रुपयांचा. 5 ते 10 वर्षांच्या गाडीला धातूच्या भागावर 40% घसारा (वयामुळे कापली जाणारी किंमत), म्हणजे 3,200 गेले. सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायची रक्कम) 1,000. हातात 3,800, शिवाय मजुरी. आता नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) 50% असेल आणि बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम 8,000 असेल, तर पुढच्या वर्षी 4,000 जादा भरावे लागतील, आणि बोनस पुन्हा 20% पासून चढत जाईल. इतक्या कामाला क्लेम करू नये. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर घसारा थेट 50% असतो. काचेवर काहीच नाही.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. फोनवरचं 'होत नाही साहेब' चालवून घेऊ नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि ते पाण्याच्या पातळीचे फोटो न्या.